राजकारण नसलेलं कॉलेज

निकाल लागले की आमच्याकडे फोन सुरू होतात. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं, हिला सगळ्या कॉलेजांची आतली माहिती असणार. कट-ऑफ किती लागेल, फी किती, वसतिगृह मिळेल का, हे विचारून झालं की आवाज थोडा खाली येतो आणि शेवटचा प्रश्न येतो, "तिथं राजकारण नाही ना?" विचारणारा कुठल्याही पक्षाचा असू दे. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत त्यानं स्वतः पॅनेल उभं केलेलं असू दे. मुलासाठी, आणि मुलीसाठी तर जास्तच, त्याला राजकारण नसलेलं कॉलेज हवं असतं.

यंदा हा प्रश्न घरातूनच आला. माझी भाची लातूरहून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि एम.ए.साठी तिनं सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा दिली. यादीत तीन नावं होती: दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आणि आपलं पुणे विद्यापीठ. दाजींचा फोन आला. "तुम्ही तिला समजावून सांगा. पुण्यात टाकू, नाहीतर एखाद्या चांगल्या खाजगी विद्यापीठात. मोर्चे, घोषणा, भानगडी नकोत. पोरगी शिकायला चालली आहे, आंदोलन करायला नाही." त्याच संध्याकाळी भाचीचा फोन. "मावशी, मला अशा ठिकाणी जायचंय जिथं माणसं बोलतात. इथं तीन वर्षं राज्यशास्त्र शिकले, पण वर्गात एकदाही कुणी मला माझं मत विचारलं नाही."

बाप आणि मुलगी दोघंही कॉलेजचं राजकीय वातावरण बघूनच निवड करत होते. मला त्यात गैर काही वाटत नाही. आयुष्याची ऐन घडणीची वर्षं जिथं घालवायची तिथली हवा कशी आहे हे बघायलाच हवं. माझा वाद आहे तो आपण काय बघतो याच्याशी. आपण झेंड्याचा रंग बघतो, नाहीतर झेंडाच नाही ना याची खात्री करून घेतो. तिथं विद्यार्थ्याला काही किंमत आहे का, हे बघायचं राहून जातं.

आमच्या घरात हवा बघून कॉलेज निवडायची सुरुवात माझ्या वडिलांनी केली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं बालपण गेलं. शाळेत दाराजवळ बसायचं, पाणी दुसऱ्यानं वरून ओंजळीत ओतायचं, मास्तरांनी वही दुरूनच तपासायची. मॅट्रिक झाल्यावर साठच्या दशकात पुढं कुठं जायचं हा प्रश्न आला, तेव्हा नांदेडचं पीपल्स कॉलेज होतं, तेही 1950 पासूनचं आणि चांगल्या नावाचं. पण अण्णांना औरंगाबादलाच जायचं होतं, मिलिंद कॉलेजला. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि 1950 साली औरंगाबादला कॉलेज आणलं, कारण निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. 1951 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. कॉलेज सगळ्या जातींना खुलं होतं. अण्णांना तिथल्या अभ्यासक्रमाबद्दल काही ठाऊक नव्हतं. तिथं माठाजवळ कुणी जात विचारत नाही, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी एस.टी. पकडली.

मिलिंदमध्ये राजकारण नव्हतं असं कोण म्हणेल? रिपब्लिकन पक्षात तेव्हाच गट पडत होते आणि त्यांची भांडणं वसतिगृहातल्या खोल्यांपर्यंत यायची. भूमिहीनांचे सत्याग्रह, बौद्धांच्या सवलती, गावागावांतले अत्याचार, यांवर रात्र रात्र वाद चालत. अण्णा सांगायचे की पहिल्या वर्षी ते नुसते ऐकत होते. बोलताना आवाज कापायचा. दुसऱ्या वर्षी एका सभेत त्यांनी उठून प्रश्न विचारला आणि वक्त्यानं त्यांना "तुमचं नाव काय?" असं विचारून नाव घेऊन उत्तर दिलं. गावात त्यांना नाव घेऊन हाक मारणारं, तेही 'तुमचं' म्हणणारं, कुणी नव्हतं. याच नागसेनवनाच्या हवेत पुढं लेखकांची एक पिढी उभी राहिली. गंगाधर पानतावणे तिथं शिकवत होते आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुरू केलेल्या 'अस्मितादर्श'मधून दलित साहित्याला आपलं व्यासपीठ मिळालं. अण्णा लेखक झाले नाहीत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि त्यांच्या वर्गात दाराजवळ कुणी बसलं नाही.

अण्णांना टाळायचं होतं ते राजकारण गावात होतं, पंगतीत होतं, विहिरीवर होतं. त्यापासून सुटण्यासाठी ते कॉलेजच्या राजकारणात गेले. हे मला फार उशिरा उमगलं, पण त्यानंतर 'राजकारण नसलेलं कॉलेज' हे शब्द मी सहज उच्चारू शकले नाही.

नामांतराचे दिवस मला अर्धवट आठवतात. मी फार लहान होते. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. एका विद्यापीठाच्या पाटीसाठी माणसं मेली, घरं गेली, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. विद्यापीठ आणि राजकारण वेगळं ठेवा असं मला कुणी सांगितलं की मला ती सोळा वर्षं आठवतात.

आणि मराठवाडाच कशाला. आपण ज्या ज्या शिक्षणसंस्थांची नावं अभिमानानं घेतो त्या बहुतेक राजकारणाच्याच पोटी जन्मल्या आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, फर्ग्युसन 1885 चं, आणि काढणारे टिळक-आगरकर. रयत शिक्षण संस्था 1919 ची, सत्यशोधक विचारातून आलेली. 1905 साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, त्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना फर्ग्युसननं 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. तेव्हा प्राचार्य होते रँग्लर परांजपे. टिळकांनी 'केसरी'त 'हे आमचे गुरूच नव्हेत' असा अग्रलेख लिहिला. आज त्याच वसतिगृहातली सावरकरांची खोली जपून ठेवलेली आहे, लोक रांगेनं बघायला जातात. त्याच कॉलेजच्या वाचनालयात 22 जुलै 1931 ला वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले, गोगट्यांना शिक्षा झाली, आणि पुण्यानं त्यांना हॉटसन-गोगटे म्हणून लक्षात ठेवलं. शिकायला पाठवलेलं पोर काय करेल याची धास्ती तेव्हाच्या आईबापांनाही असणार.

ती धास्ती खोटी नाही. 1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. त्या काळात कॉलेजच्या निवडणुकीत बाहेरचे गुंड, गाड्या, पैसा, सहली असं सगळं शिरलं होतं. पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना मी एक निवडणूक पाहिली. मतदानाच्या आदल्या रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीबाहेर मोटारसायकली घिरट्या घालत होत्या आणि आम्ही दिवे मालवून बसलो होतो. म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद केल्या तेव्हा माझ्यासकट पुष्कळांनी सुटकेचा श्वास घेतला. वर्गात गुणांनी पहिला येईल तो प्रतिनिधी, असं ठरलं. कागदावर किती स्वच्छ दिसतं ते!

ज्या 1989 मध्ये तो खून झाला, त्याच वर्षाच्या मार्चमध्ये घटनेची एकसष्टावी दुरुस्ती लागू झाली होती आणि मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं होतं. देशानं अठरा वर्षांच्या मुलामुलींना खासदार निवडायला लायक ठरवलं आणि पाचच वर्षांत आमच्या राज्यानं त्यांना वर्गप्रतिनिधी निवडायला नालायक ठरवलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला आजही अस्वस्थ वाटतं.

तिसऱ्या वर्षाला मीच प्रतिनिधी झाले. कुणी मला निवडलं नव्हतं, मार्कांच्या यादीत माझं नाव वर होतं इतकंच. मार्च महिन्यात मुलींच्या वसतिगृहाचं पाणी दिवसाआड झालं. परीक्षा तोंडावर, आणि पहाटे चार वाजता बादल्या घेऊन खाली उतरायचं. आम्ही सह्यांचं पत्र केलं आणि ते घेऊन मी ऑफिसात गेले. अधीक्षकांनी पत्र वाचलंही नाही. म्हणाले, "तुला कुणी निवडून दिलंय? पहिली आलीस म्हणून नाव लावलंय. जा, अभ्यास कर." त्यांचा स्वर मला झोंबला, पण शब्द खरे होते. माझ्यामागं कुणी नव्हतं. मला कुणी पाठवलं नव्हतं आणि मला परत बोलावण्याचा हक्कही कुणाला नव्हता. निवडून आलेली मुलगी कशीही असती, तरी तिला असं घालवून देताना त्यांना एकदा विचार करावा लागला असता.

पुढं 2016 चा नवा विद्यापीठ कायदा आला, त्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली. 2019 ला निवडणुका होणार असं वाजतगाजत जाहीरही झालं. मग विधानसभा निवडणुकीचं कारण पुढं आलं, मग कोरोना आला. मी शिकवते त्या मुलांना 'कॉलेजची निवडणूक' म्हटलं की सिनेमातली गोष्ट वाटते.

निवडणुका गेल्या म्हणून राजकारण गेलं का? मार्च 2021 मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐनवेळी पुढं ढकलली तेव्हा पुण्यात शास्त्री रोडवर हजारो मुलं उतरली. त्यांची संघटना नव्हती, निवडलेला नेता नव्हता, टेलिग्रामवरचे ग्रुप होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या पक्षांची माणसं तिथं येऊन पोचली आणि ज्याला त्याला त्या मुलांच्या वतीनं बोलायचं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा तेच झालं. मुलांचं म्हणणं रास्त होतं, पण ते मांडणारं त्यांचं असं कुणी तयारच झालेलं नव्हतं. बोलायला, वाटाघाट करायला, हरल्यावर घरी जायला आणि पुन्हा यायला कुठं तरी शिकावं लागतं. कॉलेजात नाही शिकलं तर ते थेट रस्त्यावर शिकायची वेळ येते.

आता दाजींच्या खाजगी विद्यापीठाबद्दल. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात आमदारांनी, खासदारांनी, साखर कारखान्यांच्या अध्यक्षांनी संस्था काढल्या. त्यातून खेड्यापाड्यांतली पोरं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली. नाहीतर त्यांना बंगळूर-मणिपाल गाठावं लागलं असतं, ते परवडलंही नसतं. याचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण आईबाप 'इथं राजकारण नाही' म्हणून निर्धास्त होऊन मुलं ज्या फाटकातून आत पाठवतात, त्या फाटकावर संस्थापकांचं नाव असतं आणि संस्थापक बहुतेकदा राजकारणी असतात. विद्यार्थ्यानं पत्रक लावलं तर शिस्तभंग, आणि संस्थापकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र महिनाभर. अशाच एका संस्थेत शिकवणारी माझी मैत्रीण सांगते की साहेबांच्या वाढदिवसाला तास बंद ठेवून मुलांना कार्यक्रमाला नेतात आणि तिथं हजेरी घेतात. तिथं राजकारण आहे, फक्त ते करायचा हक्क एकाच माणसाला आहे. दाजींना मी हेच सांगितलं, इतक्या सरळ शब्दांत. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिथं मारामारी तर होत नाही."

मारामारीचा मुद्दा मी सोडून देऊ शकत नव्हते. 5 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी जेएनयूत तोंडं बांधलेला जमाव लाठ्या घेऊन शिरला, साबरमती वसतिगृहाच्या काचा फोडल्या, मुलांना आणि प्राध्यापकांना मारलं. ती दृश्यं ताईनं टीव्हीवर बघितली आहेत, तिच्या डोक्यातून ती कशी जाणार? हैदराबादचं नाव काढलं की मलाच धस्स होतं. रोहित वेमुला या तिथल्या संशोधक विद्यार्थ्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढलं, ते आवारातच उघड्यावर तंबू ठोकून राहिले, आणि 17 जानेवारी 2016 ला रोहितनं आयुष्य संपवलं. ती बातमी अण्णांनी वाचली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या नातीला त्याच विद्यापीठात पाठवायचं की नाही, याचं उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही. मी भाचीला फक्त एवढंच म्हणाले की तिथं जायचं तर ती गोष्ट पूर्ण वाचून जा, आणि त्यानंतर तिथं काय बदललं हे तिथल्याच मुलांना विचार.

आणि हे एकाच बाजूचं नाही. जिथं एकाच संघटनेचं राज्य असतं तिथं ती संघटना कुठल्या विचाराची आहे यानं फारसा फरक पडत नाही. केरळात कॉलेजं राजकारणानं भरलेली असतात, निवडणुका दरवर्षी होतात, मुलं-मुली भाषणं उत्तम करतात. पण तिरुवनंतपुरमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 2019 च्या जुलैमध्ये एसएफआय या डाव्या विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्याच संघटनेच्या एका मुलाला भोसकल्याचं प्रकरण घडलं, आणि तिथं वर्षानुवर्षं दुसऱ्या कुठल्याही संघटनेला पाय ठेवू देत नव्हते हे त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी आलं. 2024 च्या फेब्रुवारीत वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक विद्यार्थी छळानं मेला, आरोपींत विद्यार्थी संघटनेची माणसं होती. मी स्वतः ज्या विचारांची आहे त्या विचाराचे झेंडे एखाद्या कॉलेजात शंभर टक्के असले, तरी माझी भाची तिथं जावी असं मला वाटणार नाही. तिला विरोध करणारी मुलगी शेजारच्या खोलीत असली पाहिजे, आणि त्या मुलीलाही माझ्या भाचीची भीती वाटता कामा नये.

मतपेटी असली म्हणजे सगळं झालं असंही नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या: उमेदवाराला जास्तीत जास्त 5000 रुपये खर्च, छापील पोस्टर नाहीत, हातानं लिहिलेलीच, पंचाहत्तर टक्के हजेरी. दिल्ली विद्यापीठात 2024 च्या सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली, आणि शहरभर भिंती, खांब, बसथांबे रंगवून ठेवल्यामुळे उच्च न्यायालयानं सांगितलं, आधी साफसफाई करा, मग मोजा. निकाल लागायला नोव्हेंबर संपत आला. पाच हजारांत एवढ्या भिंती रंगत नाहीत. जेएनयूची पद्धत वेगळी आहे. तिथं विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग असतो, प्रचार मुख्यतः बोलण्यावर, पत्रकांवर आणि हातानं रंगवलेल्या भित्तिचित्रांवर चालतो, आणि मतदानाआधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची रात्रभर जाहीर वादसभा होते, समोर बसलेला कुणीही प्रश्न विचारू शकतो. कोरोनानंतरची पहिली निवडणूक मार्च 2024 मध्ये झाली, त्र्याहत्तर टक्के मतदान झालं आणि धनंजय हा दलित विद्यार्थी अध्यक्ष झाला, जवळपास तीन दशकांनी. 2025 च्या एप्रिलमध्ये डाव्यांच्या बालेकिल्ल्यातलं सहसचिवपद अभाविपनं जिंकलं. मला दोन्ही निकाल आवडले, कारण दोन्हींत हरलेली बाजू आवारातच राहिली. पण त्याच जेएनयूत 2023 च्या अखेरीस नियमावली आली: शैक्षणिक इमारतीपासून शंभर मीटरच्या आत निदर्शनं केली तर 20,000 रुपयांपर्यंत दंड. ही रक्कम ऐकून भाची पहिल्यांदा जरा थबकली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीसाठी वीस हजार म्हणजे घरचे कित्येक महिने.

शिष्यवृत्तीवरून आठवलं, आमच्यासारख्या घरातल्या मुलांसाठी खरं राजकारण मोर्च्यात कमी आणि काउंटरवर जास्त असतं. भारत सरकार शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत संस्था थांबते, की आधी फी भरा म्हणते? 2018 च्या फेब्रुवारीत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या मुलांनी संप केला तो नेमका यासाठी. मेसमध्ये कुणी कुठं बसायचं हा सुद्धा तोच प्रश्न आहे. आयआयटी मुंबईत 2023 साली शाकाहारी मुलांसाठी काही टेबलं वेगळी ठेवली आणि विरोध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. अण्णांनी मिलिंद निवडलं ते कुणी कुठं बसायचं यावरून. साठ वर्षांनी देशातल्या पहिल्या रांगेतल्या संस्थेत तो प्रश्न टेबलाच्या रूपात येतो आणि आपण त्याला 'मेसची व्यवस्था' म्हणतो. मुलींच्या वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं आणि मुलांचं किती वाजता, हेही त्यातलंच. 2015 साली दिल्लीत 'पिंजरा तोड' म्हणून मुली रस्त्यावर आल्या त्या एवढ्या साध्या प्रश्नावरून.

म्हणून भाची पुण्याला आली तेव्हा मी तिला विभागप्रमुखांच्या केबिनकडं नेलंच नाही. आम्ही जयकर ग्रंथालयाच्या बाहेर थांबलो, कँटीनला बसलो, वसतिगृहाच्या वाटेवर मुलींना थांबवून बोललो. तिला मी सांगितलं होतं की संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना शेवटी विचार, आधी ज्या मुली कुठल्याच संघटनेत नाहीत त्यांना विचार. गेल्या वर्षी कुठल्या गोष्टीवरून तक्रार झाली आणि तक्रार करणारीचं पुढं काय झालं, हे विचार. भिंतीवर एकाच गटाची पत्रकं आहेत का ते बघ. प्राध्यापक वर्गात एखाद्या मंत्र्याचं नाव घेतात का, घेतल्यावर आजूबाजूला बघतात का, ते विचार. शेवटच्या प्रश्नावर एक मुलगी हसली आणि म्हणाली, "आमचे सर घेतात, पण आधी फोन खाली ठेवायला सांगतात." 2024 च्या फेब्रुवारीत ललित कला केंद्रात एका नाटकावरून गोंधळ झाला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. तेव्हापासून बोलताना माणसं जरा मागंपुढं पाहतात, असं दुसरी एक म्हणाली. पण तिथलीच तिसरी मुलगी म्हणाली की तिच्या विभागात दर आठवड्याला वाचनगट बसतो, त्यात सगळ्या तऱ्हेची मुलं येतात आणि आजवर कुणी कुणाला उठवलेलं नाही. म्हणजे एकाच आवारात दोन हवा. विद्यापीठाचं नाव बघून निवडणाऱ्यांना हे कधी कळत नाही. विभाग बघावा लागतो, वसतिगृह बघावं लागतं.

जेएनयूला लगेच जाणं शक्य नव्हतं. ओळखीतून नांदेडकडची एक मुलगी मिळाली, तिथं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली. फोन स्पीकरवर ठेवला, ताई आणि दाजी दोघंही बसले. तिनं काही लपवलं नाही. पहिलं सत्र इंग्रजीमुळं रडण्यात गेलं, म्हणाली. संघटनांच्या मुलांना कधी कधी फार घाई असते, नवीन मुलगी आली की आपल्याकडं ओढतात, आणि एकदा एका गटात बसलं की दुसऱ्या गटाची मैत्रीण तुटते, हेही बोलली. मग दाजींनी घसा खाकरून विचारलं, "निवडणुकीच्या वेळी खोलीवर येतात का मत मागायला?"

"येतात ना काका. सगळेच येतात, रात्री बारा-बारापर्यंत, एकेका खोलीत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हटलं की बसतात आणि का नाही ते विचारतात. मी गेल्या वर्षी एकाला तासभर नाही म्हणत होते. शेवटी तोच म्हणाला, ताई, तुम्हीच उभ्या राहा."

दाजी त्यावर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना ताईला म्हणाले, "तासभर नाही म्हणायला येतं का आपल्या पोरीला?" भाची माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, आत्ता येत नाही, म्हणून तर पाठवायचं.

जेएनयूच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं आहे, पुण्याची यादी अजून लागायची आहे. दाजी अजून हो म्हणालेले नाहीत, पण परभणीहून सचखंड एक्स्प्रेसची दोन तिकिटं त्यांनी काढली आहेत. वसतिगृह स्वतः बघणार, मेसमध्ये जेवणार आणि मगच ठरवणार, असं त्यांनी जाहीर केलं आहे. मी भाचीला सांगितलं की त्यांना तिथल्या एखाद्या सभेलाही घेऊन जा. सध्या आमची धावपळ वेगळीच चालली आहे: जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि तहसीलमधला बाबू सोमवारी या म्हणाला आहे.